विश्लेषण : १८८८ मध्ये घराची वीज घरीच! चार्ल्स ब्रश यांच्या तळघरातील ४०८ बॅटऱ्यांचा हिशेब आजच्या सौरघराला कसा लागू पडतो?

छतावर सौर पॅनेल आहेत, मग वीज गेली की घरात अंधार का? फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाल्यापासून संच बसवणाऱ्या अनेकांना हा प्रश्न पडतो. उत्तर साधे आहे. या योजनेतील संच वीजवाहिनीला जोडलेले असतात. वाहिनी बंद पडली की त्यांचा इन्व्हर्टरही आपोआप थांबतो, नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वाहिनीशिवाय घर चालवायचे तर बॅटऱ्या लागतात आणि मग सगळा हिशेबच बदलतो. हा हिशेब सुमारे १३५ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका संशोधकाने स्वतःच्या घरासाठी मांडला होता. त्याच्याकडे ऊन नव्हे, वारा होता. पण वारा काय, ऊन काय, हवे तेव्हा हजर नसणे ही दोघांचीही खोड.

कोण होते चार्ल्स ब्रश?

चार्ल्स फ्रान्सिस ब्रश यांचा जन्म १७ मार्च १८४९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंडजवळ, युक्लिड येथे शेतकरी कुटुंबात झाला. शाळकरी वयापासून विजेची उपकरणे करून पाहण्याचा नाद होता. विद्युत अभियांत्रिकी असा अभ्यासक्रमच तेव्हा नव्हता. त्यामुळे त्यांनी मिशिगन विद्यापीठातून १८६९ मध्ये खाणकाम अभियांत्रिकीची पदवी घेतली. काही वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून आणि लोहखनिजाच्या व्यापारात काढली, पण मन विजेतच होते. १८७६ मध्ये त्यांनी बनवलेला डायनॅमो घरच्या शेतावर घोड्याच्या ताकदीवर फिरवून पाहिला गेला. पुढच्याच वर्षी त्याचे पेटंट मिळाले.

२९ एप्रिल १८७९ रोजी क्लीव्हलंडच्या सार्वजनिक चौकात ब्रश यांचे १२ आर्क दिवे लागले. एडिसन यांचा टिकाऊ बल्ब तेव्हा तयार व्हायचा होता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रश यांच्या यंत्रांवर मध्यवर्ती केंद्रातून ग्राहकांना वीज विकणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे विजेचे बिल ही गोष्ट ज्यांच्यामुळे जगात आली, त्यांत ब्रश यांचे नाव बरेच वर घ्यावे लागेल.

मग वीज विकणाऱ्याने स्वतःची वीज वेगळी का केली?

रस्त्यावरचे आर्क दिवे एकाच तारेवर एकापाठोपाठ जोडलेले असत. त्या तारेतील विजेचा दाब मोठा, दिव्याचा प्रकाश डोळे दिपवणारा. दिवाणखान्यातील छोट्या बल्बांसाठी हा पुरवठा सोयीचा नव्हता. घरात कमी दाबाची, स्थिर वीज हवी होती. ब्रश यांच्याकडे डायनॅमो होता, शिसे-आम्लाच्या बॅटरीवरील स्वतःची पेटंटे होती आणि युक्लिड ॲव्हेन्यू या धनिकांच्या रस्त्यावर प्रशस्त बंगला होता. सौर पॅनेल हा पर्यायच नव्हता. त्या काळातील सेलेनियमचे सौरघट उन्हातील ऊर्जेचा एक टक्काही विजेत बदलू शकत नसत. कामाचा सिलिकॉन सौरघट यायला १९५४ उजाडावे लागले.

१८८८ मध्ये ब्रश यांच्या परसात १८ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. त्यावर १७ मीटर व्यासाचे चाक आणि चाकाला देवदाराची १४४ पाती. मागे वाऱ्याची दिशा धरणारे प्रचंड शेपूट. सुमारे ३६ टनांचा सगळा डोलारा जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर वाऱ्याप्रमाणे फिरे. चाकाच्या एका फेऱ्यात डायनॅमोच्या ५० फेऱ्या होत. एवढे करून मिळणारी वीज जास्तीत जास्त १२ किलोवॉट. (थोडी पाती पण वेगवान फिरकी अधिक वीज देते, हे पुढे डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.)

खरी करामत कुठे होती?

पाहणाऱ्यांचे डोळे मनोऱ्याकडे जात, पण घर चालत होते ते तळघरावर. तिथे ४०८ बॅटऱ्या, ३४-३४ च्या १२ रांगांत जोडलेल्या होत्या. एका बॅटरीचा दाब दोन व्होल्ट धरला, तर घराला सुमारे ७० व्होल्टचा पुरवठा होई. प्रत्येकीची क्षमता १०० ॲम्पिअर-तास. गुणाकार केला तर एकूण साठा येतो सुमारे ८२ युनिट.

आता खर्चाची बाजू. बंगल्यात ३५० बल्ब होते, पण रोजच्या वापरात साधारण शंभरच. त्या काळातील १६ मेणबत्त्यांइतका प्रकाश देणारा एक बल्ब ५५ वॉटच्या आसपास खाई. शंभर बल्ब पाच तास लावले तर २७ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून हाताशी ४१ युनिट धरायचे. म्हणजे वारा पूर्ण पडला तरी दीड संध्याकाळ निभावेल. जोराचा वारा मिळाला तर एवढी भरपाई चार-साडेचार तासांत. हा आकडेमोडीचा अंदाज आमचा आहे, पण त्यावरून एक गोष्ट दिसते. ब्रश यांनी यंत्र किती मोठे, एवढाच विचार केला नव्हता. किती दिवे, किती वेळ आणि वाऱ्याविना किती काळ, हेही त्यात बसत होते.

दाब वाढू लागला तर आवरणारी आणि ठराविक वेग आल्यावरच डायनॅमो बॅटऱ्यांना जोडणारी स्वयंचलित यंत्रणाही त्यांनी बसवली होती. आजच्या भाषेत चार्ज कंट्रोलर. वादळी वाऱ्यात चाक आपोआप कडेला वळे.

आज हाच हिशेब कसा मांडायचा?

ब्रश यांच्या एका बल्बाइतका प्रकाश आज अडीच वॉटचा एलईडी देतो. त्यांचे शंभर दिवे पाच तास लावायला आता सव्वा युनिट पुरेल. ५४० वॉटचे एक पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सगळी गळती वजा जाता दोन युनिटच्या आसपास देते. म्हणजे १४४ पात्यांचे काम एका पॅनेलमध्ये! फक्त ब्रश यांच्या घरात एसी नव्हता. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की सहा-आठ युनिट सहज जातात. पॅनेल विकत घेण्याआधी कागदावर घरातील उपकरणे, त्यांचे वॉट आणि तास लिहून काढणे, हेच पहिले काम.

दुसरे, वाईट महिन्याचा विचार. एरी सरोवराकाठी हिवाळ्यात रात्री लांब असतात, पण वाराही जोरात असतो. गरज आणि पुरवठा एकाच ऋतूत वाढतात. आपल्याकडे तसे नशीब नाही. कोकणात जुलैमध्ये एप्रिलच्या निम्मेही ऊन मिळेल याची खात्री नसते. संच एप्रिलच्या आकड्यांवर ठरवला तर आषाढात घर अंधारात जाणार. विक्रेत्याने दाखवलेले वार्षिक सरासरीचे युनिट म्हणूनच फसवे ठरतात. जुलैचा आकडा मागावा आणि ढगाळ दोन-तीन दिवसांचा साठा धरावा. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, शिसे-आम्लाची निम्मीच. किमतीची तुलना या वापरता येण्याजोग्या युनिटवर व्हायला हवी.

तिसरे, मोटारीचा झटका. ब्रश यांच्या घरात तीन मोटारी होत्या, पण सगळी वीज डीसी, इन्व्हर्टरची भानगड नाही. आज पंप किंवा फ्रिज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. इन्व्हर्टर तो धक्का पेलणारा नसेल तर बॅटऱ्या भरलेल्या असूनही घर बंद पडते.

फुकटचा वारा स्वस्त पडला का?

नाही. डिसेंबर १८९० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने या घराचे सविस्तर वर्णन छापले. वाऱ्याचे बिल येत नसले तरी यंत्रसामग्रीच्या भांडवली खर्चाने ही वीज महागच पडते, याकडे त्याच लेखात लक्ष वेधले होते. ब्रश यांना ते परवडणारे होते. १८८९ मध्ये त्यांची कंपनी थॉमसन-ह्यूस्टनने विकत घेतली आणि १८९२ च्या विलीनीकरणातून ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेली. त्यानंतर ब्रश संशोधनात रमले. लिंडे एअर प्रॉडक्ट्स या कंपनीचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये त्यांना विद्युत क्षेत्रातील मानाचे एडिसन पदक मिळाले. प्रतिस्पर्ध्याच्या नावाचे पदक स्वीकारताना त्यांना काय वाटले असेल, असा विचार मनात येतोच.

परसातील चाक सुमारे २० वर्षे बॅटऱ्या भरत राहिले. शहरात घरगुती वीज सहज मिळू लागली, तसे १९०८ च्या सुमारास ते थांबले. १५ जून १९२९ रोजी ब्रश यांचे निधन झाले. युक्लिड ॲव्हेन्यूवरील तो बंगलाही त्यांच्या पश्चात पाडण्यात आला.