जॉन हंटरच्या बरण्या

स्मरणिकेसाठी काहीही लिही, पण मढी नकोत, अशी प्रेमळ तंबी संपादक मंडळातल्या आपल्या मैत्रिणीनं मला दिली होती. दहावीत मला पडलेलं नाव इथे छापण्यासारखं नाही, पण मधल्या सुट्टीत वाळलेलं वटवाघूळ डब्याशेजारी ठेवणारा मुलगा म्हटलं की बहुतेकांना मी आठवेन. पुढे शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. तेव्हा तंबी पाळणं अवघड आहे. या वाटेवरचा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात जास्त डाचणारा माणूस म्हणजे जॉन हंटर. त्याच्याबद्दल लिहितो. जेवणाआधी वाचू नका, इतकंच.

हंटर स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडजवळच्या शेतकरी घरात फेब्रुवारी १७२८ मध्ये जन्मला. दहा भावंडांत शेंडेफळ. शाळेत जीव रमेना, तेरा वर्षांचा झाला नाही तोच शाळा सुटली. मागच्या बाकावरच्या मंडळींनी खूश व्हायला हरकत नाही. मुंग्या काय करतात, बेडकाची पिल्लं कशी वाढतात, पानांचे रंग का बदलतात, असले प्रश्न तो भेटेल त्याला विचारायचा आणि कुणी त्याला दाद देत नसे.

१७४८ मध्ये, विशीत, तो घोड्यावरून लंडनला गेला. थोरला भाऊ विल्यम तिथे कॉव्हेंट गार्डनमध्ये शरीररचनेचे वर्ग चालवायचा. त्यानं परीक्षा म्हणून जॉनला एक कापलेला हात दिला आणि स्नायू मोकळे करून दाखवायला सांगितलं. काम इतकं सफाईदार झालं की जॉन तिथलाच झाला. पुढची दहा-बारा वर्षं हिवाळाभर तो शवविच्छेदनात गाडलेला असे. हिवाळाभर अशासाठी, की उन्हाळ्यात प्रेतं टिकत नसत.

आता ही प्रेतं यायची कुठून? कायद्यानं मिळायची ती फाशी दिलेल्यांची, आणि ती मूठभर. बाकीची रात्री कबरी उकरून आणली जात. हा धंदा करणारे लोक मागच्या दारानं येत आणि त्यांच्याशी घासाघीस करण्याचं काम धाकट्या भावाकडे होतं. गरिबाची कबर उथळ आणि बिनपहाऱ्याची. म्हणजे विद्या कुणाच्या जिवावर उभी राहिली हे सांगायला नको.

१७६१ मध्ये सैन्याचा शल्यविशारद म्हणून तो फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर गेला. त्या काळी बंदुकीच्या गोळीची जखम आणखी फाडून रुंद करत, बोटं घालून गोळी शोधत. हंटरला तिथे काही जखमी फ्रेंच सैनिक आढळले. ते एका शेतघरात लपून राहिले होते आणि त्यांना कुठल्याच डॉक्टरचा हात लागला नव्हता. ते चांगले बरे होत होते. हंटरनं त्यातून निष्कर्ष काढला की जखमेत उगाच ढवळाढवळ करू नये. आज हे साधं वाटतं. पण आपल्याच धंद्याचा हात आखडता घ्यायला सांगणारी गोष्ट डोळ्यांसमोर दिसली तरी मान्य करायला फार कमी लोक तयार होतात. मला हंटर आवडतो तो इथे.

लंडनला परतल्यावर तो काही वर्षं दातांच्या मागे लागला. माणसाचा निरोगी दात काढून त्यानं कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. तो तिथे धरला. कोंबड्याचं ते उभं चिरलेलं डोकं दातासकट आजही लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात बरणीत आहे. यावरून धीर घेऊन श्रीमंतांच्या हिरड्यांत गरीब पोरांचे दात काढून बसवण्याची टूम निघाली. ते दात फार काळ टिकत नसत आणि कधी कधी रोगही देऊन जात. (एका शरीरातला तुकडा दुसरीकडे रुजवण्याची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याकडे एका वीटवाल्यानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं, ती हकिकत लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. हंटर त्याच्या वर्षभर आधी गेला होता. वाचली असती तर तो पुण्याला यायला निघाला असता, असं मला आपलं वाटतं.)

अर्ल्स कोर्टला, म्हणजे तेव्हाच्या लंडनबाहेर, त्यानं घर घेतलं आणि तिथे प्राणी भरले. चित्ते नव्हे, बिबटे. शिवाय म्हशी, मधमाश्या, काटेरी जाहका आणि काय काय. एकदा दोन बिबटे सुटले. एक भिंतीवर चढत होता, दुसऱ्याला कुत्र्यांनी घेरलं होतं. हंटरनं दोघांना नुसत्या हातांनी धरून पिंजऱ्यात आणलं, आणि आपण काय केलं हे लक्षात आल्यावर मात्र त्याचे हातपाय गळाले. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर. देवीच्या लसीमुळे आपण त्याला पाठ्यपुस्तकात भेटलोय. हा जेन्नर गावी गेल्यावरही गुरू त्याला पत्रांतून जाहका पाठवायला सांगायचा, त्यांच्या हिवाळी झोपेतलं तापमान मोजायला लावायचा आणि नुसता तर्क करत बसण्याऐवजी प्रयोग करायला बजावायचा. जेन्नरनं ते किती मनावर घेतलं, ते १७९६ मध्ये दिसलं.

डिसेंबर १७८५ मध्ये एक घोडागाडीवाला गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगवटा घेऊन त्याच्याकडे आला. अशा वेळी पाय कापायची रीत होती. हंटरनं मांडीत, फुगवट्याच्या बऱ्याच वर, धमनी बांधली. रक्तानं बारीक वाटा शोधल्या आणि पाय वाचला. माणूस चालत घरी गेला. सव्वा वर्षानं तो तापानं वारला, तेव्हा हंटरनं तो पाय मिळवला आणि आत काय घडलं ते पाहून बरणीत ठेवला. त्याचे रुग्ण त्याच्या हातून जिवंतपणी सुटत, मेल्यावर सुटतीलच असं नसे. संगीतकार हायडनच्या नाकातला मांसाचा कोंब काढायला तर त्यानं धिप्पाड गडी उभे केले होते. हायडननं आरडाओरडा करून सुटका करून घेतली. हंटरची बायको अॅन कवयित्री. तिच्या कवितांना याच हायडननं चाली लावल्या आहेत. लेस्टर स्क्वेअरच्या त्यांच्या घराच्या पुढच्या दारानं तिचे पाहुणे येत आणि मागच्या दारानं त्याचे.

या मागच्या दाराची सगळ्यात वाईट गोष्ट चार्ल्स बर्नची. आयर्लंडमधला हा तरुण साडेसात फुटांहून उंच होता. १७८२ मध्ये तो लंडनला आला आणि पैसे घेऊन लोकांना स्वतःला दाखवू लागला. वर्षभर गर्दी झाली, मग ओसरली. दारू वाढली, साठवलेले पैसे चोरीला गेले, तब्येत ढासळली. आपल्या देहावर शल्यविशारदांची नजर आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याची त्याला विलक्षण धास्ती होती. म्हणून त्यानं मित्रांकडून वचन घेतलं, की शिशाच्या पेटीत घालून मला समुद्रात बुडवा. १ जून १७८३ ला तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. मित्र पेटी घेऊन समुद्राकडे निघाले. वाटेत पैसे चारले गेले, ५०० पौंड असं म्हणतात, आणि पेटीत दगड भरले गेले. देह अर्ल्स कोर्टला आला. हंटरनं तो घाईघाईनं मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकळला आणि हाडं मोकळी केली. काही वर्षं त्यानं त्या सांगाड्याची वाच्यता केली नाही. यावरून त्याला स्वतःला काय वाटत असावं ते कळतं.

१९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी बर्नची कवटी उघडून पाहिली तेव्हा पियुषिका ग्रंथीची खोबण वाढलेली निघाली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएवरून दोष असलेलं जनुकही सापडलं आणि उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांत तेच जनुक आहे हे कळलं. त्या लोकांना वेळेवर उपचार मिळू शकतात. माझे सहकारी हे सांगून हंटरला माफ करतात. मी करत नाही. १७८३ मध्ये हंटरला जनुकं माहीत नव्हती. त्याला हवा होता तो संग्रहातला एक बिनतोड नग. आणि बर्न काही बेवारस नव्हता. त्यानं स्पष्ट शब्दांत नको म्हटलं होतं.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितो, कारण माझ्या टेबलावर देहदानाचे फॉर्म भरून आलेली माणसं होती, आणि कुणी मागायलाच न आल्यामुळे १९४९ च्या कायद्याखाली आलेलीही होती. पहिल्यांची सही असे. दुसऱ्यांना कुणी विचारलेलं नसे. चाकूला दोन्ही सारखीच. पहिल्या तासाला मी मुलांना हा फरक सांगायचो आणि मग बर्नची गोष्ट. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला तो तारांनी बांधलेला सांगाडा आठवतो? त्याला आपण टोपी घालायचो. तो खराच होता. जीवशास्त्राच्या सरांनी एकदा ती टोपी काढून न बोलता टेबलावर ठेवली होती. सर आज व्यासपीठावर असतील, त्यांच्या लक्षातही नसेल.

हंटरला १७७३ पासून छातीत कळा येत. कुणी चिडवलं की आपला जीव त्याच्या हातात, असं तो म्हणायचा, आणि तसंच झालं. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला, तो शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. शवविच्छेदन झालं. हृदयाच्या धमन्या कडक झालेल्या होत्या. जेन्नरला हा संशय आधीपासून होता, पण गुरूला धक्का बसेल म्हणून तो गप्प राहिला होता.

मागे राहिलं कर्ज आणि सुमारे चौदा हजार नमुने. विल्यम क्लिफ्ट नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं तुटपुंज्या पगारावर ते सहा वर्षं सांभाळले, मग १७९९ मध्ये सरकारनं १५,००० पौंडांना घेतले. हंटरची हस्तलिखितं मात्र त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम यानं स्वतःच्या नावावर वापरली आणि १८२३ मध्ये जाळली. क्लिफ्टनं आधीच बरीच उतरवून ठेवली होती म्हणून काही वाचलं. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग गेला. बर्न वाचला.

१८५९ मध्ये एका चर्चची तळघरं रिकामी होणार होती, तेव्हा फ्रँक बकलंड या निसर्गवेड्या डॉक्टरनं तिथल्या हजारो शवपेट्यांमधून अनेक दिवस शोधून हंटरची पेटी काढली. ती वेस्टमिन्स्टर अॅबेत मानानं पुरली गेली.

संग्रहालय २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं. बर्नचा सांगाडा आता प्रदर्शनात ठेवत नाहीत, पण तो समुद्रातही गेलेला नाही. संशोधनासाठी म्हणून आत ठेवला आहे. जोशुआ रेनॉल्ड्सनं काढलेलं हंटरचं तैलचित्र प्रसिद्ध आहे. हंटर हातात लेखणी घेऊन विचारात बसलाय. त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवून वर उजव्या कोपऱ्यात पाहिलं, की चौकटीत कापले गेलेले, लोंबणारे दोन लांबलचक हाडांचे पाय दिसतात.