जुन्या इमारतींचा चित्रकार पिरानेसी

स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. संतांची नि पुढाऱ्यांची चरित्रे इतर भगिनी लिहितीलच, म्हणून मी परदेशी चित्रकाराचे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण त्याच्या चित्रांचे पुस्तक वाचनालयातून मी चार वेळा घरी आणले आहे.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी हा १७२० साली इटलीत व्हेनिसजवळ जन्मला. वडील दगडाचे कारागीर, मामा सरकारी पाणीखात्यात इमारती नि बांधबंदिस्तीचे जाणकार. त्यांच्याजवळ मुलगा बांधकाम शिकला आणि १७४० साली व्हेनिसच्या वकिलाबरोबर रोमला गेला. बांधकामे मात्र त्याला मिळेनात. उभ्या आयुष्यात एकच चर्च त्याच्या हातून झाले, तेही जुन्याचे नवे केलेले.

रोममध्ये दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या इमारती पडझडीला आलेल्या होत्या. लोक त्यांचे दगड खुशाल उचलून नव्या कामाला लावीत. हे सारे नाहीसे होण्याआधी निदान कागदावर राहावे, हा त्याने ध्यास घेतला आणि १७५६ साली चार मोठे ग्रंथ काढले. नुसत्या भिंती काढून तो थांबला नाही. पाया किती खोल, दगड कसा उचलला, हेही दाखविले. आमच्या आळीतला जुना वाडा पाडला, तेव्हा त्याचा साधा फोटोसुद्धा कोणाकडे निघाला नाही. त्याची कोरीव चौकट आता आम्हां चार-पाच जणींच्या आठवणीतच उरली आहे. म्हणून मला या माणसाचे मोल फार वाटते.

त्याचे छापाचे काम तांब्याच्या पत्र्यावर चाले. पत्र्याला मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या, मग तेजाब ओतले की उघड्या रेघा खोल जातात. पण त्याआधीचे कच्चे चित्र कागदावर, पिसाच्या टाकाने नि तपकिरी शाईने. तशी एक शाई तिकडे लाकडाच्या धुराच्या काजळीपासून करीत. आपण चुलीवरची काजळी घासून टाकीत होतो! रेघा झाल्या की तीच शाई पाण्याने पातळ करून कुंचल्याने सावली भरायची; वाळली की गडद हवे तिथे पुन्हा हात फिरवायचा. ऊन दाखवायचे तिथे कागद कोराच ठेवायचा. तिथे एक थेंब सांडला तर ऊन गेलेच म्हणायचे.

एका बड्या आयरिश उमरावाने पैशाचे वचन देऊन पाळले नाही, तेव्हा पिरानेसीने ग्रंथातले त्याचे नाव खोडून टाकले. माणूस तापट खरा. १७५२ साली त्याने आंजेला या माळ्याच्या मुलीशी लग्न केले. तिच्या हुंड्याचे पैसे तांब्याच्या पत्र्यांत घातले, असे सांगतात. ग्रंथांवर तिचे नाव नाही, हे मला खटकते. मुलगी लॉरा मात्र स्वतः रोमची चित्रे कोरून आपल्या नावाने छापी.

अखेरच्या दिवसांत, प्रकृती खालावलेली असताना, तो नेपल्सच्या दक्षिणेस पेस्टम येथे गेला. तिथे ग्रीक लोकांची सुमारे अडीच हजार वर्षांची तीन देवळे आहेत. एरवी तो जागेवर जेमतेम रेघोट्या ओढून घरी पुरे करी. इथे मात्र मोठमोठे कागद तपकिरी शाईने नीट भरून काढले. जाडजूड खांब, त्यांतून येणारा उजेड, आणि देवळात खुशाल हिंडणारी गुरे! गुराखीही काढले आहेत. आपल्याकडच्या पडक्या शिवालयात हेच दिसते, म्हणून ती चित्रे मला परकी वाटली नाहीत.

९ नोव्हेंबर १७७८ रोजी तो वारला. पेस्टमचे राहिलेले काम मुलगा फ्रान्चेस्को याने पुरे करून छापले. त्या तपकिरी चित्रांपैकी पंधरा आज लंडनच्या सोन संग्रहालयात आहेत, नि बापाने कोरलेले तांब्याचे पत्रे रोमच्या सरकारी संग्रहात.