चौकचे सरनोबत

इर्शाळगडाच्या ट्रेकला आपण चौकला उतरतो, नाक्यावर वडापाव खातो आणि चालायला लागतो. पण शिवाजीमहाराजांचे सरनोबत, म्हणजे घोडदळाचे सेनापती नेताजी पालकर याच चौकचे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणायचे.

महाराज धोका पत्करायचे, पण डोळे मिटून नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला ते स्वतः गेले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं, पगडीखाली लोखंडी टोप आणि शेजारी जिवा महाला. हे झालं एका जिवापुरतं. खानाच्या फौजेचं काय? त्यासाठी रानात तुकड्या दबा धरून होत्या. नेताजींची फौजही याच बेतात होती. आपल्या भाषेत, बॅकअप! पुढच्याच वर्षी महाराज पन्हाळ्यावर अडकले, तेव्हा विजापूरकडून परतून सिद्दी जौहरचा वेढा फोडायलाही नेताजीच धावले. वेढा काही फुटला नाही.

मग जानेवारी १६६६. पुन्हा पन्हाळा. महाराजांनी रात्री हल्ला केला, नेताजी वेळेवर पोहोचलेच नाहीत, आणि हजारभर माणसं गेली. महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून काढलं. इतक्या वर्षांची साथ आणि एका उशिरापायी सगळं गेलं! मला आधी हा अन्याय वाटायचा. पण ज्याच्या भरवशावर आपण जीव धोक्यात घालतो तोच आला नाही तर? त्या हजार घरांना काय सांगायचं?

रागावलेले नेताजी आदिलशाहीत गेले, तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी पाच हजारी मनसब देऊन त्यांना मोगलांकडे ओढलं. त्याच ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. महाराज सुटले, आणि त्याची किंमत मोजली नेताजींनी. ते परत जाऊन मिळतील या भीतीने औरंगजेबाने त्यांना पकडून दिल्लीला आणवलं. १६६७ मध्ये कैदेत त्यांचं धर्मांतर झालं, नाव पडलं मुहम्मद कुलीखान, आणि रवानगी थेट काबूलकडे. कुठे आपलं चौक नि कुठे काबूल!

जवळजवळ नऊ वर्षं गेली. १६७६ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर आलेले नेताजी मोगलांना सोडून सरळ रायगडाकडे आले. ज्याने दहा वर्षांपूर्वी काढून टाकलं, त्याच राजाकडे. महाराजांनी त्यांना नुसतं ठेवून घेतलं नाही, तर जूनमध्ये विधिपूर्वक स्वधर्मात परत घेतलं.