मरणाचा हिशोब मांडणारा दुकानदार

जॉन ग्राँट लंडनचा. जन्म १६२०चा, शिक्षण बेताचं, धंदा बटणं-फिती असला किरकोळ माल विकण्याचा. त्या काळी लंडनमध्ये दर गुरुवारी मृतांची छापील यादी निघायची. कोण कशानं गेलं हे ठरवायच्या म्हाताऱ्या बायका. त्या घरी जाऊन प्रेत बघत. लोक यादी चाळत, प्लेग वाढलाय का तेवढं बघत आणि टाकून देत. ग्राँटनं मात्र जुन्या याद्या जमवल्या आणि दुकानाची वही लिहावी तशी बेरीज मांडली. १६६२ साली त्याचं पुस्तक आलं.

त्यातल्या तक्त्यात २० वर्षांची २,२९,२५० मरणं आहेत. ज्याची लोकांना धास्ती, ते प्रत्यक्षात किती जणांना गाठतं, हे त्याला दाखवायचं होतं. खून ८६. बुडून ८२९! म्हणजे साधारण २७७ मरणांमागे एक. मारेकऱ्यापेक्षा पाणी जवळजवळ दसपट घातक. भाजून-पोळून १२५, इतर नाना अपघातांत १०२१. अति दारूनं फक्त २, हे काही मला पटत नाही. त्या म्हाताऱ्यांवर ग्राँटचाही पुरता भरवसा नव्हताच.

रॉयल सोसायटीनं या दुकानदाराला सभासद करून घेतलं. राजा दुसरा चार्ल्स त्याच्या बाजूनं होता. पण १६६६च्या आगीत घर गेलं. पुढे तो कॅथलिक झाला, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ते महागात पडे. शेवटी गरिबी आली. १६७४ साली, ५३व्या वर्षी, तो काविळीनं गेला. त्याच्याच पुस्तकात काविळीपुढे आकडा आहे ९९८.