काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस

‘अक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तो इंग्रज निसर्ग अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी. त्यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील लघुचित्रे रंगवत गावोगाव फिरत. घरची परिस्थिती बेताचीच. सतराव्या वर्षी गॉस कारकुनी करायला न्यूफाउंडलंडला गेले. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात मास्तरकी केली आणि जमैकात पक्ष्यांचा अभ्यास.

१८५२च्या सुरुवातीला अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी ते पत्नी एमिली व छोट्या एडमंडला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. विश्रांती बाजूलाच राहिली. ओहोटी लागली की हातोडी-छिन्नी घेऊन ते खडकांतल्या डबक्यांपाशी हजर! समुद्रफूल खरवडून काढले तर त्याचा तळ फाटतो, म्हणून ते खाली चिकटलेल्या खडकाचा तुकडाच फोडून घेत.

खरी अडचण प्राणी घरी आणल्यावर सुरू होई. भांड्यातले पाणी नासे आणि प्राणी मरत. वनस्पती व प्राणी एकमेकांच्या आधाराने बंद पाण्यात टिकू शकतात, हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात दाखवले होते. गॉस यांनी तेच समुद्राच्या पाण्यात साधले. दगडासकट आणलेले जिवंत शैवाल उजेडात ठेवले की ते पाण्यात प्राणवायू सोडते. मेलेला प्राणी लगेच काढायचा. पाणी आटले तरी मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली : सुमारे साडेचार लिटर पाण्यात १०० ग्रॅम साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम मीठ, शिवाय थोडे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोराइड. या पाण्यात आधी शैवाल वाढू द्यायचे, प्राणी मागाहून.

प्रवाळांच्या टाकीत नवा शिंपला आणणाऱ्याला आजही याच वाटेने जावे लागते. प्रवासाने थकलेला ट्रायडॅक्ना जातीचा शिंपला मुरलेल्या टाकीत सोडायचा, तोही टाकीतले पाणी त्याच्या पाण्यात हळूहळू मिसळून. तो चिवट धाग्यांनी दगडाला धरून बसतो. ओढला तर धाग्यांच्या मुळाशी असलेले पाऊल फाटते, म्हणून जागा सारखी बदलायची नाही. त्याच्या रंगीत झालरीत राहणारे सूक्ष्म शैवाल उजेडात अन्न तयार करते, पण अंधारातून आलेल्याला प्रखर दिवा एकदम सोसत नाही; तो टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. प्राण्याच्या शरीरात राहणारे हे शैवाल गॉस यांना ठाऊक नव्हते. पाणी आणि उजेड आधी, प्राणी नंतर, हा क्रम मात्र त्यांना पक्का कळला होता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. त्यासाठी गॉस यांनी बरेच प्राणी पुरवले. पुढच्याच वर्षी ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले, त्यातली रंगीत चित्रेही त्यांचीच. घरोघरी टाक्या दिसू लागल्या. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी गॉस यांनी जीवाश्म आणि बायबलमधली सृष्टिकथा यांचा मेळ घालणारे पुस्तक लिहिले. ते ना वैज्ञानिकांना पटले ना धार्मिकांना. ते डेव्हनमध्येच सेंट मेरीचर्चला स्थायिक झाले आणि १८६० पर्यंत ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा आपला मोठा ग्रंथ त्यांनी पुरा केला. समुद्रफुलांच्या अभ्यासात तो दीर्घकाळ आधार मानला गेला.

तोवर अक्वेरियमच्या हौसेने इंग्लंडचे किनारे ओरबाडले गेले होते. गॉस यांची पुस्तके वाचून हातात बरण्या घेऊन आलेल्यांनी ती डबकी रिकामी केली आणि त्याचे शल्य त्यांना फार लागले, असे एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदवले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांचे सेंट मेरीचर्च येथेच निधन झाले.