शनिवारच्या सामन्यांचा जनक

शनिवारी दिवेलागण झाली की गोव्यातील कितीतरी घरांत इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने लागतात. तेथील दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. खेळ आम्हा गोमंतकीयांना नवा नाही. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत आपली मुले तो पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. परंतु तेथील गुणतक्ता, वरचा वर्ग, खालचा वर्ग हे प्रकरण नवख्या प्रेक्षकास, विशेषतः वडीलधाऱ्यांस, गूढ वाटते. ते उलगडायचे तर विल्यम मॅक्ग्रेगर या कापड दुकानदाराचे चरित्र पाहावे.

मॅक्ग्रेगर यांचा जन्म 1846 साली स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात, ब्राको या खेड्यात झाला. 1870 च्या सुमारास ते बर्मिंगहॅमला आले आणि ॲस्टन भागात त्यांनी कापडाचे दुकान थाटले. वृत्तीने ते धर्मनिष्ठ होते, मद्याला कधी शिवत नसत. जवळच्याच एका प्रार्थनामंदिराच्या तरुणांनी 1874 मध्ये ‘ॲस्टन व्हिला’ हा संघ काढला होता. मॅक्ग्रेगर त्याच्या कारभारात शिरले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. मैदानाबाहेर बसणाऱ्या माणसाने खेळाला घडण दिल्याची ही गोष्ट आहे, आणि आमच्या मते म्हणूनच ती अधिक मोलाची आहे.

त्या काळी स्पर्धा म्हणजे मुख्यतः एफ. ए. चषक. 1871-72 च्या हंगामात तो सुरू झाला. एकदा हरलात की बाहेर! उरलेले सामने आपापसांत ठरत, आणि ते वाटेल तेव्हा रद्द होत. प्रतिस्पर्ध्यास चषकाचा सामना निघाला की तो इकडे येत नसे. गिरण्या-कारखान्यांना शनिवारी दुपारी सुट्टी असे. मजूर शिलकीतले पैसे घेऊन मैदानावर येत, तो समोर भलताच दुबळा संघ उभा, किंवा सामनाच नाही. त्यातच 1885 मध्ये खेळाडूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली. आता पगार दर आठवड्यास द्यायचा, पण उत्पन्नाची शाश्वती नाही, अशा कात्रीत संघ सापडले. दुकानदार माणसाला हा जमाखर्च चटकन उमगला.

2 मार्च 1888 रोजी मॅक्ग्रेगर यांनी काही प्रमुख संघांना पत्रे धाडली. मोजक्या संघांनी एकत्र यावे, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळावे, आणि ठरलेला सामना मोडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. 17 एप्रिल रोजी मँचेस्टरच्या बैठकीत ही योजना पक्की झाली. संघ बारा : सहा लँकेशरचे, सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नव्हता! ‘लीग’ हा शब्द खुद्द मॅक्ग्रेगर यांना रुचला नव्हता. आयर्लंडमधील जमीनविषयक चळवळीच्या ‘लँड लीग’शी त्याचे नाते लोक जोडतील ही त्यांची भीती. नाव मात्र तेच राहिले. 8 सप्टेंबर रोजी पहिले सामने झाले आणि प्रेस्टन नॉर्थ एंड 22 पैकी एकही सामना न हरता विजेता ठरला.

आजची प्रीमियर लीग 1992 ची असली तरी सांगाडा हाच. वीस संघ, प्रत्येकाचे 38 सामने, ऑगस्टपासून मेपर्यंत. विजयास त्या काळी दोन गुण मिळत, 1981 पासून तीन मिळतात, बरोबरीस एक. सर्वांत खालचे तीन संघ दुसऱ्या वर्गात उतरतात व तेथून तीन वर येतात. नवख्याने आधी गुणतक्त्याचा तळ पाहावा. खरी धडधड पुष्कळदा तेथेच असते.

ही चढउतार आरंभी नव्हती. तळाच्या चौघांना पुन्हा प्रवेशासाठी इतरांच्या मतांची याचना करावी लागे. 1890 मध्ये स्टोक अशा मतदानात बाहेर पडला व संडरलंड आत आला. दुसरा वर्ग 1892 मध्ये निघाला आणि आपोआप बढतीचा नियम 1898 मध्ये झाला. म्हणजे बारा जणांचे कुंपण दहा वर्षांत मोडले गेले. याचे महत्त्व एप्रिल 2021 मध्ये पुन्हा दिसले. युरोपातील बारा श्रीमंत संघांनी, त्यात सहा इंग्लिश, संस्थापकांना कधीच खाली न उतरवणारी ‘सुपर लीग’ जाहीर केली. इंग्लंडमधील प्रेक्षक रस्त्यावर आले आणि अवघ्या काही दिवसांत सहाही इंग्लिश संघांनी माघार घेतली. मॅक्ग्रेगर यांनीही मोजकेच संघ निवडले होते, हे मान्य. पण त्यांची निवड शनिवारच्या प्रेक्षकाला सामना नक्की मिळावा म्हणून होती. ही दुसरी उत्पन्न नक्की मिळावे म्हणून.

पांढऱ्या दाढीचे हे स्थूल गृहस्थ पुढे लीगचे अध्यक्ष झाले, एफ. ए.च्या कारभारातही वावरले, पण दुकानदारच राहिले. 20 डिसेंबर 1911 रोजी ते निवर्तले. तोवर त्यांच्या व्हिला संघाने लीगचे विजेतेपद सहा वेळा मिळविले होते. मूळ बारांपैकी ॲक्रिंग्टन मात्र 1893 मध्येच लीगमधून बाहेर पडून पुढे तीन वर्षांत लयास गेला होता. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानाबाहेर मॅक्ग्रेगर यांचा पुतळा उभा राहिला तो 2009 साली, त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल 98 वर्षांनी.