सुभेदार रामजी : पोराला कॉलेजात घालणारा बाप

दरवर्षी 14 एप्रिलला आपण विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. पण त्यांना कॉलेजची पायरी चढवणाऱ्या बापाची आठवण आम्हाला खरी येते ती जून महिन्यात. प्रवेशाची यादी लागते, फीचा आकडा कळतो आणि वस्तीतल्या घराघरात रात्री हिशेब सुरू होतात. अशा वेळी सुभेदारांचं घर आमच्या डोळ्यांपुढे उभं राहतं.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. वडिलांप्रमाणे तेही इंग्रजांच्या पलटणीत गेले. लष्करी शाळेत 14 वर्षे हेडमास्तर राहिले, सुभेदार झाले. 1891 साली महूला त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. पलटण सुटल्यावर संसार आधी दापोलीला, मग साताऱ्याला गेला. तिथेच 1896 साली माता भीमाबाई गेल्या. पोरक्या लेकरांना मीराआत्याने सांभाळले.

1904 साली हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. सगळा संसार एका खोलीत. अभ्यासाला जागा कुठली? रामजी पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आडवे व्हायचे. पोर दिव्याच्या उजेडात वाचत बसायचं.

हातात येणार पेन्शन. त्यात दोघा मुलांचं शिक्षण भागेना, म्हणून थोरले आनंदराव शाळा सोडून कारखान्यात कामाला लागले. भीमरावांना पुस्तकांचा भारी नाद. पुस्तक हवं म्हटलं की रामजी आधी लेकीकडे उसने पैसे मागायला जात. तिथे जमलं नाही तर लग्नात आपणच घातलेला दागिना लेकीकडून मागून घेत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत नेऊन देत. लेकीच्या अंगावरचा दागिना उतरवताना बापाला काय वाटत असेल, हे गरिबांना सांगायला नको. पण पुस्तक घरात आलंच.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आपल्या धम्माच्या वाटेवरचं ते पहिलं पाऊल म्हणायला हरकत नाही. रामजींनी लगेच एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातलं. इंटरपर्यंत कसंबसं रेटलं; मग मात्र हात टेकले. तेव्हा केळुसकर गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 साली भीमराव बी.ए. झाले.

2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी लेक कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेला निघाला. ते बघायला बाप राहिला नाही. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा मोठा ग्रंथ लंडनला छापला गेला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. एकेका रुपयासाठी बापाने केलेली वणवण लेक विसरला नव्हता.

आम्हाला यातून एकच सांगायचं आहे. बाबासाहेब एकट्या बापाच्या पेन्शनीवर शिकले नाहीत. थोरल्या भावाची सुटलेली शाळा, बहिणीचा दागिना, आत्याचे कष्ट आणि गुरुजींची धावपळ या सगळ्यांवर शिकले. म्हणून ज्या घरात आज फीचे पैसे जमत नाहीत, त्या आईबापांनी लाजून गप्प बसू नये. विहारात येऊन बोलावं. आणि जे शिकून नोकरीला लागले, त्यांनी आपल्यासाठी कुणी शाळा सोडली, कुणाचा दागिना गेला, हे आठवून शेजारच्या एका तरी पोराचा केळुसकर व्हावं. सुभेदारांना खरी आदरांजली तीच.

जयभीम.